ओल्या मातीत तहानलेली शेवंती

शेवंतीची सहा रोपे मी एकाच दुपारी नव्या कुंड्यांत हलवली आणि त्यांनी लवकर बाळसे धरावे या भाबड्या समजुतीने त्याच संध्याकाळी प्रत्येक कुंडीत दाणेदार खत घातले, तेही जरा सढळ हाताने. तिसऱ्या दिवशी खालच्या पानांच्या कडा करपून कागदासारख्या कुरकुरीत झाल्या, शेंड्यांनी माना टाकल्या आणि माती मात्र बोटाला चांगली ओली लागत होती. भरपूर ओल असताना रोप तहानेने का कोमेजावे, हे तेव्हा मला उमगले नाही; म्हणून मी आणखी पाणी घातले.

कुंडी बदलताना जाड मुळे शाबूत दिसली की आपण निर्धास्त होतो. परंतु पाणी शोषण्याचे मोठे काम कोवळ्या मुळांच्या टोकांजवळ असलेले अतिसूक्ष्म मूलरोम करत असतात आणि जुनी माती झटकताना नेमके तेच तुटतात. पाने पूर्वीइतकेच बाष्प बाहेर टाकत राहतात, मुळे मात्र तेवढे पाणी पुरवू शकत नाहीत. अशा वेळी खत पडले, तर दुखण्यावर दुसरे दुखणे येते. रासायनिक खते हे बहुतांशी क्षार असतात आणि ते विरघळले की मातीतल्या पाण्याची क्षारता वाढते. मुळांच्या पेशींपेक्षा बाहेरचे पाणी अधिक खारट झाले, की मुळांना ते ओढून घेता येत नाही आणि फारच खारट झाले, तर मुळांतलेच पाणी बाहेर झिरपू लागते. ओल्या मातीतली तहान ती हीच. युरियात 46 टक्के नत्र असते हे ध्यानात घेतले, तर लहान कुंडीत पडलेला चमचाभर युरिया केवढा घाला घालतो याची कल्पना येईल. सेंद्रिय खत निरुपद्रवी असते हा समजही सरसकट खरा नाही, कारण न कुजलेल्या शेणखतातून सुटणारा अमोनिया कोवळ्या मुळांना पोळतो.

उपायाआधी दुखणे ओळखणे आवश्यक आहे. रोप भर दुपारी मलूल होत असेल आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होत असेल, तर तो केवळ जागा बदलल्याचा ताण समजावा. त्याला सावलीपलीकडे फारसे काही लागत नाही. पानांची टोके आणि कडा करपल्या असतील, मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट थर दिसत असेल, तर खताचा संशय घ्यावा. पाने पिवळी पडून गळत असतील, मातीला कुबट वास येत असेल आणि मुळे काळसर व लिबलिबीत झाली असतील, तर ती अतिपाण्याची कूज असते आणि तिच्यावर खाली सांगितलेला उपाय केल्यास रोप हमखास दगावते.

खत जास्त झाले असेल, तर आधी मातीवर दिसणारे दाणे वरच्या थरासह हलक्या हाताने खरवडून काढावेत. मग क्षार धुऊन काढण्यासाठी साधे पाणी कुंडीच्या आकारमानाच्या सुमारे दुप्पट, म्हणजे पाच लिटरच्या कुंडीला दहा लिटर, या प्रमाणात झारीने सावकाश, थांबत थांबत सोडावे. ते तळाच्या छिद्रातून मोकळेपणाने वाहून गेले पाहिजे आणि ताटलीत साचलेले पाणी लगेच फेकून दिले पाहिजे, नाहीतर धुतलेले क्षार पुन्हा वर चढतात. त्यामुळे निचरा आधी तपासावा. त्यानंतर वरची दोन बोटे माती कोरडी होईपर्यंत पाणी अजिबात देऊ नये. रोप मलूल दिसत असताना हात आखडता घेणे अवघड जाते, हे मी स्वतःवरून सांगतो.

कुंडी सात ते दहा दिवस भरपूर उजेडाच्या, पण थेट ऊन आणि जोरदार वारा न लागणाऱ्या जागी ठेवावी. कळ्या आणि फुले खुडून टाकावीत. जिवावर येते, पण त्यांच्यावर खर्च होणारी साखर मुळांच्या कामी येते. फांद्या निम्म्याने छाटाव्यात, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मला सरसकट पटत नाही, कारण नवी मुळे ज्या साखरेवर वाढतात ती हिरवी पानेच तयार करतात आणि मुळे फुटण्यास चालना देणारे संप्रेरक कोवळ्या शेंड्यांतून खाली येते. पूर्ण वाळलेले तेवढेच काढावे. अर्धवट करपलेले पान पुन्हा पूर्ण हिरवे होणार नाही, तरी त्याचा उरलेला हिरवा भाग उपयोगी असल्याने नवी पालवी येईपर्यंत ते राहू द्यावे.

याच काळात टॉनिक म्हणून एप्सम सॉल्ट घालण्याचा मोह अनेकांना होतो. ते मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे आणखी एक क्षारच, आणि क्षारांनी पोळलेल्या मुळांना तो देण्यात काही अर्थ नाही. रोप उपटून पुन्हा नव्या मातीत लावण्याचा मोहही शक्यतो टाळावा, कारण जेमतेम फुटू लागलेले मूलरोम त्यात पुन्हा तुटतात. मिश्रणातच कच्चे शेणखत मिसळले गेले असेल, तर मात्र माती बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

माझ्या सहापैकी दोन रोपे गेली. त्यांतल्या एका कुंडीचे छिद्र खापराच्या तुकड्याने पूर्ण बुजले होते, हे ती रिकामी केल्यावर दिसले. उरलेल्या चार रोपांना तिसऱ्या आठवड्यात शेंड्याशी पोपटी पाने फुटली. तरीही मी आणखी दोन आठवडे थांबलो आणि मग पाकिटावरील प्रमाणाच्या चौथा हिस्सा विद्राव्य खत, आधी साध्या पाण्याने माती भिजवून घेऊन, दिले.