बिल भरलं, पण शिक्का कुठाय?

लाइटचं बिल भरायची शेवटची तारीख आणि बँकेचं सर्व्हर यांचं आतून काहीतरी ठरलेलं असावं. महिनाभर सुरळीत चालणारी साइट नेमकी त्याच संध्याकाळी अंग टाकते.

पासवर्डाची मुदत संपलेली असतेच. तो बदलून आत शिरलं की कंपन्यांची यादी. मध्य प्रदेशात वीज वाटणाऱ्या सरकारी कंपन्या तीन: पूर्व, मध्य आणि पश्चिम क्षेत्र. आपलं इंदूर पश्चिमेत, त्या कंपनीचं मुख्यालयही इथंच पोलोग्राउंडला. पण राज्याच्याच नावात 'मध्य' असल्यावर नवख्याचं बोट आधी कुठं जाणार? तिथं आयव्हीआरएस नंबर, म्हणजे बिलावरचा ग्राहक क्रमांक, टाकला की उत्तर येतं, असा ग्राहक नाही. वर्षानुवर्षं कूलर लावून झोपणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं.

मग ओटीपी. आमचं रामबागेतलं घर जुनं, भिंती जाड, फोनला रेंज फक्त गॅलरीत. कॉम्प्युटर मागच्या खोलीत. गॅलरीत जायचं, सहा आकडे तोंडात धरायचे आणि पुटपुटत मागं यायचं. वाटेत सासूबाई विचारतात, "अगं, नळ आला का?" इंदुरात नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर न देऊन चालत नाही. उत्तर दिलं की शेवटचे दोन आकडे गेले. परत गॅलरी. तोवर पडद्यावर सेशन संपलेलं.

सगळं जमलंच तर चाक फिरू लागतं. बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका. आपण श्वास रोखून बसतो. फोनवर पैसे कापल्याचा मेसेज टिणकन येतो आणि पडद्यावर मात्र 'व्यवहार प्रक्रियेत आहे'.

यामागची व्यवस्था वाईट आहे असं मी म्हणणार नाही. भारत बिल पेमेंट, आताचं नाव भारत कनेक्ट. एका टोकाला बँक, दुसऱ्या टोकाला बिल देणारी कंपनी, मध्ये निरोप पोचवणारी यंत्रणा. खात्यातून पैसे गेले ही एक नोंद, कंपनीकडे जमा झाले ही दुसरी. निरोप मध्येच अडकला की आपले पैसे ना घरचे ना घाटचे. यूपीआयनं दुकानदाराला दिलेले पैसे असे लटकले तर पाच दिवसांत आपोआप परत यावेत, नाहीतर पुढे रोज १०० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेनं २०१९ सालीच सांगून ठेवलंय. पण बिलाची तारीख आजचीच असेल तर पाच दिवसांची हमी घेऊन काय करायचं? पुन्हा भरावं तर दोनदा जातील, थांबावं तर सरचार्ज.

हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलते. स्क्रीनशॉट ठेवा म्हणते, व्यवहाराचा नंबर लिहून घ्या म्हणते, दोन दिवसांनी पुन्हा बघा म्हणते. म्हणजे ग्राहकाचा नंबर शोधणं, रक्कम ताडणं, पावती जपणं, पाठपुरावा करणं हे सगळं कारकुनाचं काम माझ्या गळ्यात आलं. शिक्का तेवढा खिडकीपलीकडेच राहिला.

शेजारचे काका अजून वीज कंपनीच्या झोनच्या ऑफिसात जाऊन रोख बिल भरतात आणि पावती तारेत टोचून ठेवतात. रांगेचं कौतुक मला नाही. मे महिन्यात तिथं उभं राहून बघा म्हणजे कळेल. पण काकांना संध्याकाळी "भरलं का?" विचारलं तर ते एका शब्दात उत्तर देऊ शकतात.

लेक म्हणते, "आई, ऑटो-पे लाव ना, कटकटच नको." म्हणजे ज्याला भरलेलं बिल धड सांगता येत नाही, त्याच्याच हातात पाकीट द्यायचं. उन्हाळ्यात मीटरनं चुकून भलताच आकडा दाखवला तर? बँक तो मुकाट्यानं भरून मोकळी होईल, आणि त्या वेळी सर्व्हर एकदम ठणठणीत असेल.