शील्ड मोठी की कप?

इंडियन सुपर लीगच्या फुटबॉलमध्ये साखळीत पहिल्या येणाऱ्याची शील्ड, आणि त्यानंतरच्या प्लेऑफची फायनल जिंकणाऱ्याचा कप. यातलं मोठं कोण, हा आमच्या घरातला जुना वाद. मी जोगेश्वरीचा, म्हणजे मुंबई सिटी क्लबचा. बायको मडगावची. तिचा भाऊ फातोर्ड्याच्या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो आणि एफसी गोवा हरली की दुसऱ्या दिवशी कामावर जात नाही.

17 मार्च 2019 ला तो फायनलसाठी आमच्याकडे आला होता. अंधेरीत गोवा विरुद्ध बेंगळुरू. मीही त्याच्याबरोबर गेलो, केशरी टी-शर्ट घालायला मात्र नकार दिला. 117व्या मिनिटाला कॉर्नरवर बेंगळुरूच्या राहुल भेकेने हेडर मारला आणि सामना संपला. भेके मुंबईचा पोरगा, त्यामुळे माझ्या तोंडून नकळत ‘वा!’ निघालं. परतताना रिक्षात मेव्हणा एक शब्द बोलला नाही. त्याआधी 2015 ला त्याने घरच्या मैदानावर नव्वदाव्या मिनिटापर्यंत 2-1 पुढे असलेली फायनल 3-2 ने गमावताना पाहिलेली. मी गप्प राहायला हवं होतं.

पुढच्याच हंगामात गोव्याने साखळीत पहिला नंबर काढला. त्या वर्षापासून पहिल्या नंबराला शील्ड आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट प्रवेश मिळणार होता. भारतातून तिथे पोचलेला पहिला क्लब गोवाच. पण सेमीत चेन्नईयनने त्यांना दोन सामने मिळून 6-5 असं काढलं. मी फोन करून म्हटलं, ‘शील्ड म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस रे.’ तो म्हणाला, ‘भाऊजी, तुमचा संघ कधी पहिला येऊ दे, मग बोलू.’ तसे आम्ही 2016 ला उरुग्वेचा फोरलान आमच्याकडे असताना पहिले आलो होतो, पण तेव्हा शील्डच नव्हती, त्यामुळे तो ते धरत नाही.

2021 ला आम्ही दोन्ही जिंकलो. तेही त्याच्याच गोव्याच्या जुन्या कोचला, लोबेराला, आणून. मंदार राव देसाईसकट निम्मा संघही तिकडचाच. त्या वर्षी वाद झाला नाही, नुसत्या शिव्या खाल्ल्या.

खरी पंचाईत 2023 ला झाली. 20 सामने, 46 गुण, पहिल्या 18 सामन्यांत एकही हार नाही. शील्ड कुठे पक्की केली, तर फातोर्ड्यात, गोव्याला 5-3 हरवून. आणि मग सेमीत बेंगळुरूकडून पेनल्टीवर 9-8. आमच्या मेहताबची पेनल्टी त्यांच्या गोलकीपरने, गुरप्रीतने, अडवली, आमचा हंगाम संपला. आमच्यापेक्षा 12 गुण मागे असलेला मोहन बागान कप घेऊन गेला. त्या रात्री मीच मेव्हण्याला समजावत होतो, की साखळी म्हणजे खरी परीक्षा, प्लेऑफ म्हणजे लॉटरी. तीन वर्षांपूर्वीची त्याचीच वाक्यं. तो शांतपणे ऐकत राहिला, याचंच जास्त वाईट वाटलं.

हिशेबाने पाहिलं तर तो बरोबर आहे. महिनोन्महिने दुखापती, प्रवास आणि वाईट रेफरी सांभाळून पहिलं येणं अवघडच, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगचं दारही तेव्हा शील्डच उघडायची. पण त्या 18 सामन्यांतले किती मला आठवतात? फार तर तीन. गुरप्रीतची ती उडी मात्र अजून दिसते.

2024 ला उलटं झालं. शेवटच्या दिवशी कोलकात्यात बरोबरीही चालली असती, आम्ही 2-1 हरलो. मोहन बागान 48, आम्ही 47. शील्ड गेली. मग सेमी, पुन्हा गोवा. फातोर्ड्यात गोवा 2-0 पुढे, नव्वदावं मिनिट. मेव्हण्याने स्टँडमधून नाचणाऱ्या लोकांचा व्हिडिओ पाठवला. मी मन मोठं करून ‘अभिनंदन’ टाइप करत होतो, तेवढ्यात आमच्या छांगतेचा गोल. मग विक्रम प्रतापचा. मग पुन्हा छांगते. 3-2. तो मेसेज मी पाठवला नाही. परतीचा सामनाही जिंकला, आणि 4 मेला कोलकात्यात, त्याच मैदानावर, त्याच मोहन बागानला 3-1. कप उचलताना आमचा कॅप्टन कोण, तर तोच राहुल भेके, आता आमच्याकडे आलेला.

मी तीन दिवस तरंगत होतो. कपामुळे आशियाचं तिकीट मिळालं नाही, हे मला कोणीतरी आठवण करून दिल्यावर समजलं, आणि त्याचं काही वाटलंही नाही.

बायकोचा हिशेब वेगळाच आहे. 2025 पर्यंतच्या 11 हंगामांत गोवा 8 वेळा सेमीत होती. ‘माझ्या माहेरी दरवर्षी शेवटपर्यंत सामने बघायला मिळतात,’ ती म्हणते. ‘तुमच्याकडे पहिली दोन वर्षं डिसेंबरलाच टीव्ही बंद व्हायचा.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही.

त्या 2024 च्या फायनलनंतर चौथ्या दिवशी मेव्हण्याचा फोन आला. अभिनंदन वगैरे झालं. मग म्हणाला, ‘भाऊजी, आता सांगा, शील्ड मोठी की कप?’

मी विचारलं, ‘मानकुराद आंबा यंदा काय डझन चाललाय?’