खोक्यात भरलेली हवा

मे महिन्यातली सकाळ, साडेअकरा वाजले असतील. नागपूरच्या गांधीबागेच्या बोळातल्या माझ्या कुरिअर बुकिंग काउंटरसमोर एक छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून खोके उतरायला लागले. एक, दोन, सहा, बारा... चोवीस. मोजेपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. पोऱ्याने शेवटचे चार एकावर एक रचले, तर कूलरच्या वाऱ्याने वरचा खोका सरकून थेट माझ्या टेबलावर येऊन बसला. तेव्हाच मला समजलं, आज कुणाचा तरी जीव दुखावणार.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या बचत गटाच्या मावशी आणि त्यांची लेक, अशा दोघी आल्या होत्या. मावशी चिचपल्लीच्या बांबू केंद्रात काम शिकलेल्या. जर्मनीतल्या एका दुकानाची बांबूच्या लॅम्पशेडची ऑर्डर होती: 24 नग, 1,800 रुपयांचा एक, सगळे मिळून 43,200. आयई कोड म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, इनव्हॉइस, पॅन, सगळी कागदं लेकीने फाइलमध्ये नीट लावून आणली होती. इतकी स्वच्छ फाइल माझ्याकडे मोठे व्यापारीसुद्धा आणत नाहीत.

एक खोका काट्यावर ठेवला. एक किलो तीनशे. मावशींचा चेहरा खुलला. "कापसावानी हलका हाय ना जी?"

मी टेप काढली. 45 बाय 45 बाय 35. कुरिअरचा हिशोब सरळ आहे: सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि 5,000 ने भागायचं. जो आकडा येईल ते व्हॉल्युमेट्रिक वजन. ते आणि काट्यावरचं, यात जे जास्त त्याचे पैसे. इथे आलं 14.175. अर्ध्या किलोच्या पटीत वर न्यायचं, म्हणजे साडेचौदा. चोवीस खोक्यांचे 348 किलो. माझा त्या दिवशीचा रेट किलोला 650 रुपये होता. कॅल्क्युलेटरवर 2,26,200 उमटलं आणि मी तो त्यांच्याकडे वळवला. सरचार्जचं बोललोच नाही.

लेक म्हणाली, "काका, एक शून्य जास्त पडला का?"

मावशी काही बोलल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि खोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही हवा पाठवून राहिलो?"

खरं सांगतो, माझं कमिशन वजनावर असतं. आजवर अशा वेळी मी रेट सांगायचो, गिऱ्हाईक शिव्या घालून जायचं किंवा बुक करायचं, विषय संपला. पण त्या एका वाक्याने मी जरा ओशाळलो. पोऱ्याला चहा सांगितला आणि म्हटलं, उघडा एक खोका.

शेड सुंदर होती. खालचं तोंड 40 सेंटिमीटरचं, वरचं 20, उंची 28. पातळ कामट्यांचं विणकाम, एकाआड एक पट्टी काळपट भाजलेली. वजन जेमतेम चारशे ग्रॅम. आकार उलट्या बादलीसारखा. आता बादल्या कुणी वेगवेगळ्या खोक्यात भरतं का? भांड्यांच्या दुकानात त्या एकात एकच असतात. मी दुसरी शेड काढून पहिलीवर चढवली, तर मध्येच अडकली. आत बल्बचा होल्डर अडकवायला काड्यांची फुली होती, वरच्या तोंडाच्या चार बोटं खाली, बाइंडिंग वायरने चार ठिकाणी पिळलेली. तीच आडवी येत होती.

मावशींनी माझ्याकडून पक्कड घेतली. चार पीळ सोडले, फुली बाहेर. वरची शेड सरसर खाली उतरली आणि खालचीपेक्षा फक्त दोन बोटं वर राहिली. मध्ये एकेक कागद घातला तर चार सेंटिमीटर. म्हणजे बारा शेडची उतरंड 28 आणि अकरा चोक 44, एकूण 72 सेंटिमीटर. फुल्या जर्मनीतल्या दुकानाने पुन्हा पिळायच्या. कशा, त्याचा व्हिडिओ लेकीने लगेच आईच्या हातांचाच काढला.

मावशींना नियम मात्र अजून पटत नव्हता. "वजनच नाही तं पैसे कायचे?" विमानात जागा ठरलेली असते वगैरे मी सांगत होतो, पण उत्तर त्यांनाच सापडलं. त्यांचा भाऊ हिंगणघाटला जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होता. "रुईची गाठ दाबतात ते ह्याच्याचसाठी ना जी?" ह्याचसाठी. 170 किलोची गाठ आवळून बांधतात, नाहीतर तेवढी मोकळी रुई न्यायला अख्खा ट्रक लागेल. ज्या विदर्भाने कापूस दाबून सातासमुद्रापार धाडला, त्याला हे मी काय शिकवणार होतो? बांबू मात्र दाबता येत नाही. 2017 साली कायद्याने बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढलं. आहे ते गवतच, पण खोक्यात घातलं की हत्ती होतो.

मग खोका. इतवारीतून दोन फाईव्ह प्लायचे, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचे, आणले. उंच होते, म्हणून चारही कोपरे चिरून वरचा भाग खाली दुमडला. बाहेरून 44 बाय 44 बाय 76. बाहेरून, कारण पुठ्ठ्याची जाडीही मापात धरतात. 29.43, म्हणजे साडेएकोणतीस. दोन खोक्यांचे 59 किलो.

इथे पोऱ्याने घोळ घातला. शेड हलू नये म्हणून त्याने कडेने रद्दीचे बोळे इतके ठासले की खोका पोटुशा बाईसारखा फुगला. दिसायला मजबूत. मी टेप लावली ती फुगवट्यावर, 48. कुरिअरच्या हबमध्ये, जिथे सगळा माल गोळा होतो, मशीन माप घेतं आणि त्याला जिथे जास्त दिसतं तेच धरतं. या फुगवट्यापायी मी एकदा स्वतःच्या खिशातून पैसे भरलेत. 48 बाय 48 बाय 76 म्हणजे 35.02. वरचे ते 0.02 खोक्याला साडेपस्तिसावर नेतात. सहा किलो वाढले. चार पेपरच्या रद्दीचे 3,900 रुपये! पोऱ्याला सगळं उपसायला लावलं, बोळ्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या सपाट पट्ट्या उभ्या घातल्या. खालच्या शेडच्या पोकळीत फुल्यांची जुडी आणि लेकीने नमुना म्हणून आणलेली बांबूची कानातली गेली. त्यांचं भाडं शून्य, जागा आधीच विकत घेतलेली.

59 किलोचे 38,350 रुपये. सव्वादोन लाखांवरून खाली आलो होतो, तरी 43,200 च्या मालावर हे भाडं जडच. जहाजाने पाठवायचं तर इतक्याशा मालाला किमान एका घनमीटरचं भाडं आणि पलीकडच्या बंदरावरचा खर्च वेगळा, जर्मनीवाला वैतागेल. मी तसं सांगितलं. भाडं त्याच्याकडून घ्यायचं ठरलं होतं म्हणून ऑर्डर वाचली, एवढंच.

पावती करत होतो तेवढ्यात मावशींनी टेबलावरचा पेपर आणि कात्री ओढली. पंख्यासारखे दोन तुकडे कापले आणि कडेला कड लावून धरले. कागदाची शेड झाली. "हे असे दोन उघडे पंखे विणले आन तिथं दोरीनं शिवले तं?"

मी टेप लावली. एक पंखा 60 बाय 34. अठ्ठेचाळीस पंखे एकावर एक, खोका 62 बाय 36 बाय 30. साडेतेरा किलो. शेडच्या तोंडाची कडी गोलच राहणार, त्यांचा चपटा खोका वेगळा, साडेसातचा. मिळून 21. मी दोनदा गुणाकार केला.

"गिऱ्हाईक शिवून घेईल का?" मी विचारलं.

लेकीने तिथल्या तिथे मेसेज टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं: फोटो पाठवा. तिने मोबाईल धरला आणि कूलरच्या वाऱ्याने कागदाची शेड उडून खोक्यांमागे गेली. दुसऱ्यांदा मांडली, दुसऱ्यांदा उडाली.

"ते बंद करा ना जी दोन मिनिटं," मावशी म्हणाल्या.

मे महिन्यात, नागपुरात, भर दुपारी. मी उठून कूलर बंद केला.