चौथा रकाना

साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे डोंगराकडे आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र. मी तिथला कनिष्ठ सहाय्यक, म्हणजे रुग्ण कल्याण समितीचा हिशेब माझ्या वहीत. तेव्हा वर्षाला १,७५,००० यायचे: समितीचे १ लाख, देखभालीचे ५०,०००, अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेले, २५,०००. निम्मे फेब्रुवारीपर्यंत पडून असायचे. मग मार्च एंड. रंगरंगोटी, बोर्ड, कुंड्या, बिलं, उपयोगिता प्रमाणपत्र. मागच्या वर्षीची यादी काढून मी तारखा तेवढ्या बदलायचो.

त्या वर्षी नव्या डॉक्टर मॅडमनी नोव्हेंबरातच सभा लावली आणि मागणीच्या कागदावर एक रकाना वाढवला. काम, खर्च, फायदा कोणाला, आणि चौथा: कशातून काढायचे? कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात दवाखान्यांची बजेटं अशी ठरवतात म्हणाल्या. नाव सांगितलं प्रोग्राम बजेटिंग अँड मार्जिनल अ‍ॅनालिसिस. मी मनात म्हटलं, तिकडे कोटींचा कारभार, इथे फिनेलचं बिल. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. जादा पैसा येणारच नाही असं धरा. इथे पाच हजार घातल्याने जो फायदा होईल, तो तिथून पाच हजार काढल्याच्या तोट्यापेक्षा मोठा आहे का?

अर्धा तास कोणी बोलेना. मागायला सगळे तयार, सोडायला कोण? सरपंचांना गेटवर मोठा बोर्ड हवा होता. सिस्टरांनी गरम पाणी मागितलं. बाळंतीण ४८ तास थांबायला हवी, आमच्याकडे बाया दुसऱ्या सकाळीच रिक्षा बोलवायच्या. अहवालात आम्ही कारण लिहायचो, ‘नातेवाईक ऐकत नाहीत’.

एक आशाताई मागून म्हणाल्या, “साहेब, बोर्ड रंगाईसन बाईले ऊन पानी भेटी का?”

मॅडम उठल्या आणि सगळ्यांना इमारतीच्या मागे घेऊन गेल्या. भिंतीला टेकून तीन दगड, वर काळं झालेलं पातेलं, शेजारी ओल्या काटक्या. डिसेंबर तोंडावर, आणि धुळे जिल्ह्यातली थंडी काय असते ते सांगायला नको. एक आजी नातवाच्या अंघोळीसाठी फुंकून फुंकून जाळ करत होती. डोक्यावर, गच्चीत, सोलर बंब होता. टाकी गळकी, दोन वर्षं बंद. दुरुस्तीचं २२,००० चं कोटेशन माझ्याच फायलीत वर्षभर पडलेलं. सगळे बंबाकडे बघत होते, मी पातेल्याकडे.

परत येऊन बोर्ड आणि कुंड्या सुटल्या, तरी सात हजार कमी पडत होते. मॅडमनी यादीवर बोट ठेवलं: ‘कार्यालयासाठी कपाट, ७,०००’. ती मागणी माझी होती. कपाटावाचून कागद उंदीर खातात, हे मी बराच वेळ पटवलं. कोणी वाद घातला नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिले. मीच खोडलं.

बंब जानेवारीत सुरू झाला. सगळ्याच बाया ४८ तास थांबतात असं नाही, शेतीचे दिवस असले की अजून पळतात. पण मागची चूल विझली. सरपंच मात्र तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

मॅडमची बदली झाली. नव्या साहेबांना मी जुना फॉर्म देणार होतो, पण छापलेले कागद शिल्लक होते म्हणून तेच वाटले. सिस्टरांनी प्रसूतिगृहासाठी इन्व्हर्टर मागितलाय. चौथा रकाना त्यांनी आधीच भरून आणला: ‘क्लार्कच्या खोलीचा कूलर’.