समोर असूनही न सापडणारी फाइल

पुण्यातील एका छोट्या ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या मालकांचा सकाळी साडेनऊला फोन आला. २०१२ साली त्यांच्याकडे मुद्रित झालेल्या एका अभंगाचे शेवटचे कडवे गायिका त्याच संध्याकाळी नव्याने गाणार होत्या. जुना संगणक बंद पडल्यामुळे विंडोज ७च्या ६४-बिट संगणकावर उघडलेल्या त्या प्रोजेक्टमध्ये पखवाज, टाळ, आवाज सगळे जागेवर होते, फक्त आवाजावरचा रिव्हर्ब, म्हणजे आवाज एखाद्या जागेत घुमल्यासारखा भासवणारा परिणाम, गायब होता. "दुसरा कुठलाही रिव्हर्ब लावला की नवं कडवं वेगळ्याच देवळात गायल्यासारखं वाटतं हो," असे ते म्हणाले. तक्रारीचे इतके नेमके वर्णन क्वचितच ऐकायला मिळते.

तो रिव्हर्ब देणारे होते एक प्लग-इन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. त्यांचे ध्वनिमुद्रणाचे जुने सॉफ्टवेअर ३२-बिट होते आणि अशा सॉफ्टवेअरमध्ये ६४-बिट प्लग-इन दोघांना जोडणाऱ्या मधल्या ब्रिज-प्रोग्रॅमशिवाय उघडत नाही, म्हणून पहिला संशय तोच घेतला. तो चुकीचा ठरला. प्लग-इनची डीएलएल फाइल (म्हणजे त्याचा कोड असलेली फाइल) ३२-बिटच होती आणि योग्य फोल्डरमध्येच होती. तरीही स्कॅनच्या लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने प्लग-इन शोधताना केलेल्या नोंदींत, त्रुटी क्रमांक १२६ होता, म्हणजे 'मॉड्यूल सापडले नाही'. डोळ्यांसमोरची फाइल सापडत नाही असे संगणक सांगू लागला की माणूस तीच फाइल पुन्हा पुन्हा कॉपी करत बसतो. स्टुडिओतील मदतनिसाने आदल्या रात्री तेच केले होते आणि पूर्वी कधीतरी मीही केले आहे. वास्तविक ही त्रुटी त्या फाइलविषयी असेलच असे नाही. ती फाइल ज्या दुसऱ्या फाइलवर अवलंबून असते, ती नसली तरी हाच क्रमांक येतो. डिपेंडन्सी वॉकर या मोफत साधनात प्लग-इन उघडल्यावर एमएसव्हीसीआर१००.डीएलएल, अर्थात व्हिज्युअल सी++ २०१०च्या रनटाइममधील (प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या तयार फाइलींच्या संचातील) फाइल, हरवलेली दिसली.

"सर, ते तर मी कालच टाकलंय," मदतनीस म्हणाला. टाकले होते, पण ६४-बिट. विंडोज ६४-बिट म्हणून रनटाइमही ६४-बिट, हा तर्क स्वाभाविक असला तरी रनटाइम विंडोजच्या नव्हे, प्लग-इनच्या जातीचे लागते. त्यात ६४-बिट विंडोज आपल्या ६४-बिट डीएलएल 'सिस्टम३२' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि ३२-बिट डीएलएल 'सिसवाऊ६४'मध्ये, त्यामुळे नावे वाचून तपासणारा फसणार हे ठरलेलेच.

३२-बिट रनटाइम बसवले, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केले, आणि प्लग-इन तरीही यादीत आले नाही. इथे माझा तासभर वाया गेला, कारण उपाय बरोबर असूनही मी त्याच्यावरच शंका घेत राहिलो. एकदा उघडू न शकलेल्या प्लग-इनची नोंद ते सॉफ्टवेअर जुन्या स्कॅनचे निकाल जपणाऱ्या आपल्या कॅश फाइलमध्ये करून ठेवत होते आणि नंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. ती फाइल पुसून न टाकता (ही माझी जुनी सवय) तिचे नाव बदलले आणि पूर्ण स्कॅन करायला लावला. प्लग-इन दिसले, आणि प्रोजेक्ट उघडताच रिव्हर्बच्या २०१२ मधील सेटिंग्जही जशाच्या तशा आल्या.

तेव्हा साडेचार वाजले होते. गायिका येण्याआधी जुन्या आवाजाच्या, एक कोरडी आणि एक रिव्हर्बसह, अशा दोन २४-बिट वेव्ह फाइल काढून घेतल्या आणि प्लग-इन व ३२-बिट रनटाइम या दोन्हींचे इन्स्टॉलर प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवले.