फेलोशिप आली का मॅडम?

फेलोशिप म्हणजे संशोधन करणाऱ्या मुलांना दर महिन्याला मिळणारं विद्यावेतन, आणि हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की केबिनच्या दारात कोणी घुटमळलं की आधीच कळतं काय विचारणार आहे. मुलं सरळ विचारत नाहीत, आधी एखाद्या रिअॅक्शनचं काहीतरी सांगतात, मग पेपरचं, आणि निघता निघता हळूच, मॅडम फेलोशिपचं काही कळलं का.

आमचा रसायनशास्त्राचा विभाग, राज्य विद्यापीठातला. चार-पाच प्रोजेक्ट कायम चालू असतात आणि मी तीन वर्षं विभागप्रमुख होते तेव्हा सगळ्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या. बाहेर लोकांना वाटतं प्रोजेक्ट मंजूर झाला म्हणजे पैसे हातात आले. पैसे येतात ते हेडप्रमाणे, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदरांप्रमाणे वाटून, इक्विपमेंट, मॅनपॉवर, कन्झुमेबल्स, ट्रॅव्हल, कंटिन्जन्सी, ओव्हरहेड, आणि एका हेडमधले दुसरीकडे वापरायचे तर पैसे देणाऱ्या एजन्सीला पत्र लिहून परवानगी मागायची. त्यात वर्षाचा हप्ता संपला की वापर प्रमाणपत्र म्हणजे यूसी आणि खर्चाचं विवरण गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. आणि मॅनपॉवर या हेडखाली जो आकडा असतो ना, तो आकडा म्हणजे एक मुलगा किंवा मुलगी असते, हे फाईल फिरवणाऱ्या कोणालाच दिसत नाही. मलाही सुरवातीला दिसलं नव्हतं.

माझ्याच प्रोजेक्टचं सांगते. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, घ्यायचं होतं. प्रपोजलला जोडलेलं कोटेशन १२ लाख अधिक ५ टक्के जीएसटी, म्हणजे १२ लाख ६० हजार, कारण तेव्हा सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांना प्रमाणपत्र जोडलं की उपकरणांवर सवलतीचा दर होता. मग मंजुरी, मग खरेदी समिती, समितीतले एक सदस्य रजेवर, तुलनात्मक तक्त्यावर एक सही राहिली म्हणून फाईल परत, असं करत करत जुलै उजाडला, आणि १८ जुलै २०२२ पासून ती सवलतच गेली. दर झाला १८ टक्के. तेच मशीन १४ लाख १६ हजार. वरचे १ लाख ५६ हजार आणायचे कुठून? इक्विपमेंट हेडमधे एक रुपया जास्त नव्हता. शेवटी ऑटोसॅम्पलर, म्हणजे सॅम्पल एकामागून एक आपोआप सोडणारा भाग, काढून टाकला तेव्हा कुठे हिशोब बसला.

ऑटोसॅम्पलर नाही म्हणजे काय हे सांगायला हवं. माझ्या प्रोजेक्टवरची जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो मुलगी त्या मशीनसमोर स्टूलवर बसायची, हातात सिरिंज, २० मायक्रोलिटर भरायचं, बुडबुडा राहिला का बघायचं, सोडायचं, आणि २५ मिनिटांनी परत. ऑटोसॅम्पलर असता तर रात्री सगळे सॅम्पल लावून ती घरी गेली असती. तिने असे दोन महिने काढले, डबा तिथेच बाहेरच्या पॅसेजमधे खायची. कागदावर ही फक्त अॅक्सेसरी वगळल्याची एका ओळीची टिपणी आहे.

आणि याच मुलीची फेलोशिप २०२३ मधे पाच महिने अडकली.

कारण सांगितलं तर खरं वाटणार नाही. आमच्या प्रोजेक्टचं खातं तेव्हा साधं बचत खातं होतं. मार्च एण्डला घाईघाईत यूसी केलं, पासबुकात दिसत होतं तेवढं व्याज धरलं, सीएची सही घेतली, पाठवलं. बँकेने शेवटच्या तिमाहीचं व्याज आम्ही पासबुक भरून घेतल्यानंतर जमा केलं. २,३१८ रुपये. अनुदानावरचं व्याज आपलं नसतं, ते भारतकोश या सरकारी पोर्टलवरून केंद्राला परत भरायचं असतं, आणि बँक स्टेटमेंटमधलं व्याज आणि यूसीतलं व्याज जुळलं नाही की कागद परत येतात. आले. नवीन यूसी, परत सीए, परत वित्त व लेखा अधिकारी, परत कुलसचिव, मधे गणपतीच्या सुट्ट्या. ३७ हजार रुपये महिना, पाच महिने, १ लाख ८५ हजार, अडकले २,३१८ रुपयांवरून. ही चूक माझी होती, पीआय म्हणजे प्रोजेक्टची प्रमुख संशोधक म्हणून स्टेटमेंट १ एप्रिलनंतरचं घ्यायला हवं होतं आणि ते मी घेतलं नाही.

त्या काळात तिने काय केलं ते मला फार उशिरा कळलं. कॉट बेसिसवर राहायची, भाडं मैत्रिणीकडून उसनं घेतलं, मेस एक वेळची केली. घरी सांगितलं नाही कारण घरचे आधीच म्हणत होते बीएड कर आणि नोकरीला लाग. मी विचारलं तेव्हा म्हणाली, मॅडम तुम्हाला सांगून तुम्ही तरी काय करणार होता. मला यावर उत्तर देता आलं नाही. माझा पगार त्या पाचही महिन्यात १ तारखेला झाला होता.

लोक लेखा विभागाला शिव्या घालतात, मला ते पटत नाही. आमच्याकडचे भाऊसाहेब, ज्यांच्याकडे प्रोजेक्टची बिलं असतात, त्यांच्याकडे एकट्याकडे त्या वर्षी साठेक प्रोजेक्ट होते. ऑडिटचा आक्षेप आला तर उत्तर त्यांना द्यायचं असतं, सॉल्व्हंटचं बिल डेडस्टॉकला म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत चढवायचं की वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या कन्झुमेबल रजिस्टरला हे त्यांना कोणी नीट सांगत नाही आणि आम्ही प्राध्यापक बिलाच्या मागे स्टॉक एन्ट्रीचा शिक्का न मारताच बिल पाठवतो आणि वर चौकशी करतो पैसे का नाही झाले. त्या प्रकारानंतर मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या टेबलाशी बसायला लागले, माझी वही आणि त्यांचं लेजर हेडनुसार जुळवायला, अर्धा तास पुरतो. दोनदा आमचं बिल दुसऱ्याच प्रोजेक्टला पडलेलं तिथेच सापडलं, मार्चमधे सापडलं असतं तर गोंधळ झाला असता.

खरेदीचं आता जरा सोपं झालंय हे मान्य करायला हवं. जून २०२५ मधे केंद्राने संशोधनासाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली आणि जेम या सरकारी खरेदी पोर्टलच्या बाहेर खरेदीची परवानगी कुलगुरूंच्या पातळीवर देता येते. चांगलं झालं. पण मशीन थांबलं तर संशोधन थांबतं, फेलोशिप थांबली तर माणूस थांबतो, आणि त्याच्यासाठी काही झालेलं नाही. उलट बऱ्याच केंद्रीय योजनांमधे आता झिरो बॅलन्स खातं असतं, खात्यात पैसे नसतातच, खर्चाची मर्यादा मिळते आणि न वापरलेली ३१ मार्चला परत जाते. म्हणजे नवीन मर्यादा येईपर्यंत एप्रिल, मे, कधी जून, मुलांनी काय खायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे आहेत. माझ्या प्रोजेक्टमधे ओव्हरहेड १० टक्के होतं, ते विद्यापीठाकडे जातं, वीज, पाणी, जागा यासाठी, ठीक आहे. त्यातलाच थोडा भाग बाजूला ठेवून हप्ता उशिरा आला तर फेलोशिप तिथून द्यायची आणि हप्ता आला की तेवढी रक्कम भरून घ्यायची. बुडायचं काही नाही, प्रोजेक्ट मंजूर आहे, मुलाचं नेमणूक पत्र आहे. मी विभागप्रमुख असताना दीड पानाची टिपणी लिहिली, पाच महिन्यांच्या तारखा टाकून. वित्त व लेखा समितीने एकदा परत पाठवली, विचारलं प्रोजेक्ट मधेच बंद पडला तर वसुली कोणाकडून? प्रश्न बरोबर होता. मी लिहून दिलं, विभागाच्या पुढच्या ओव्हरहेडमधून. मग व्यवस्थापन परिषदेत गेली, तीन महिन्यांपर्यंतच्या फेलोशिपला मंजुरी मिळाली, फक्त आमच्या विभागापुरती आणि प्रायोगिक तत्त्वावर.

यंदा मे महिन्यात दोन मुलांना त्यातून फेलोशिप मिळाली. जुलैमधे मर्यादा आली आणि पैसे भरूनही घेतले.

फिजिक्स आणि बॉटनीवाले आता तेच मागतायत. पुढच्या बैठकीला विषय सगळ्या विभागांसाठी ठेवायचा आहे, त्यामुळे तुमच्या विद्यापीठात किंवा कॉलेजात असं परिपत्रक निघालं असेल तर त्याची प्रत मला पाठवा, समितीला दुसरीकडचं उदाहरण जोडलेलं लागतं.