विंडोज न काढता लिनक्स चालवायचंय?
मी शेवटी व्हर्च्युअलबॉक्सच घेतलं (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर), फुकट आहे आणि स्नॅपशॉट (त्या आभासी कॉम्प्युटरची त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेता येतो ना, म्हणजे आत कितीही वाट लावली तरी क्षणात सगळं होतं तसं परत, शिकणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे तसंच दुसरं सॉफ्टवेअरसुद्धा नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट झालंय, ग्राफिक्स मला त्यात जास्त स्मूथ वाटलं. मूळ मशीनवर लिनक्स असेल तर सरळ केव्हीएम वापरा, हेच काम करणारी ती सोय २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे.

पण आधी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही, म्हणजे इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरची आभासी कॉम्प्युटर चालवायची सोय, चालू आहे का बघा! माझं बंद होतं, ६४ बिटचा पर्यायच दिसेना, अख्खी संध्याकाळ गेली त्यात. आणि रॅम ८ जीबी असेल तर गेस्टला (आत चालणाऱ्या लिनक्सला) ४ च्या वर देऊ नका, दोन्ही रखडतात.